कापूस, व्हॅसलीन आणि गाळलेला शब्द

२४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर पॅलेस हॉटेलातून गांधीजींनी जोहान्सबर्गच्या एका मित्राला पत्र लिहिले. ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांची गाऱ्हाणी घेऊन ते विलायतेत आले होते आणि सरकारदरबारी खेटे घालून हातात फारसे काही पडत नव्हते. मित्राचे नाव हर्मान कॅलनबाख. पूर्व प्रशियात वाढलेला, दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेला ज्यू वास्तुविशारद. शंभर वर्षांनी याच पत्रातली दोन-तीन वाक्ये जगभर गाजली. निजण्याच्या खोलीत, पलंगासमोरच्या फळीवर फक्त तुमचीच तसबीर आहे. कापूस आणि व्हॅसलीन सतत तुमची आठवण करून देतात. माझ्या देहाचा तुम्ही किती पुरता ताबा घेतला आहे, ही तर गुलामगिरीच झाली. अशा आशयाची ती वाक्ये आहेत. एवढी तीनच एकापाठोपाठ एक वाचली, की वाचणारा एकाच निष्कर्षावर येतो.

मूळ पत्रात कापूस आणि व्हॅसलीनच्या आधी आणखी एक शब्द आहे. पायाची कुरुपे. ज्याला कुरूप झाले आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही: कातडी मऊ पडावी म्हणून व्हॅसलीन चोळायचे आणि बूट घासू नये म्हणून कापसाची घडी ठेवायची. गांधीजी आणि कॅलनबाख जोहान्सबर्गात एकत्र राहत आणि मैलोनमैल पायी चालत. पत्राच्या त्याच ओळींत दात कोरायच्या काडीचा उल्लेख आहे आणि ज्या टाकाने पत्र लिहिले जात होते त्या टाकाचाही. खोलीतली एकेक वस्तू मित्राची आठवण देते, तिला टाळू म्हटले तरी टाळता येत नाही, असा तो परिच्छेद आहे. ‘देहाचा ताबा’ या शब्दांपर्यंत वाचक पोचतो तो या सगळ्या वस्तूंमधून. तुमच्यामुळे पायांपासून लेखणीपर्यंत मी तुमचाच झालो, असा त्याचा सूर. कुरूप गाळले की सूर बदलतो.

या शब्दाने सगळा प्रश्न मिटला, असे मी म्हणणार नाही. पत्रातली माया दाट आहे आणि ‘गुलामगिरी’ हा शब्द गांधीजींनी स्वतःच लिहिलेला आहे. पण निवाडा करायचा तर आधी पूर्ण वाक्य समोर हवे. २०११ साली ज्यांनी निवाडा केला त्यांच्यापैकी बहुतेकांसमोर ते नव्हते.

त्या वर्षी मार्चच्या अखेरीस जोसेफ लेलिव्हेल्ड यांचे ‘ग्रेट सोल’ हे गांधीचरित्र अमेरिकेत प्रसिद्ध झाले. लेलिव्हेल्ड ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे माजी कार्यकारी संपादक, पुलित्झरचे मानकरी, दक्षिण आफ्रिकेत बातमीदारी केलेले. पुस्तकाचा मोठा भाग अस्पृश्यता, आफ्रिकेतले मजूर आणि फाळणी यांवर आहे. कॅलनबाख त्यात थोडी पाने येतात. व्हॅसलीनच्या उल्लेखावर लेलिव्हेल्डनीही एनिमा किंवा मालिश असे साधे तर्कच मांडले आहेत. कुरुपे मात्र त्यांच्या उद्धृतात आलेली नाहीत. पुस्तक बाजारात येण्याच्या सुमारास अँड्र्यू रॉबर्ट्स या इंग्रज इतिहासकाराचे झोंबरे परीक्षण ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये आले. ब्रिटनच्या ‘डेली मेल’ने त्यापुढे जाऊन, गांधी बायकोला सोडून पुरुष प्रियकराबरोबर राहायला गेले, अशा अर्थाचा मथळा दिला. तिथून बातमी मुंबईच्या वृत्तपत्रांत आली.

३० मार्च २०११ रोजी गुजरात विधानसभेने एकमताने पुस्तकावर बंदी घालण्याचा ठराव केला. तेव्हा हे पुस्तक भारतातल्या दुकानांत आलेलेही नव्हते. विधानसभेतल्या लोकप्रतिनिधींनी परीक्षणाच्या बातमीवरून आलेल्या बातमीवर हात वर केले. महाराष्ट्रातही बंदीची भाषा झाली. दिल्लीत राष्ट्रीय मानचिन्हांच्या अवमानाचा १९७१ चा कायदा गांधीजींपर्यंत वाढवण्याचा विचार बोलून दाखवला गेला आणि मग मागे घेतला गेला. लेलिव्हेल्ड सांगत राहिले की ‘बायसेक्शुअल’ हा शब्द माझ्या पुस्तकात कुठेही नाही. बंदीला सर्वांत ठाम विरोध केला तो गांधीजींच्या घरच्यांनी. राजमोहन गांधी, गोपालकृष्ण गांधी आणि तुषार गांधी तिघेही विरोधात बोलले. गांधी समलिंगी असते तरी देशाला स्वातंत्र्याकडे नेणारा माणूस तोच राहिला असता, असे तुषार गांधी म्हणाले तेव्हा त्या गदारोळातल्या मूळ मुद्द्याला कोणीतरी प्रथमच हात घातला होता.

वर्ध्यात राहून हे सगळे वाचताना मला अस्वस्थ वाटते. १९३४ नंतर गांधीजींचा मुक्काम वर्ध्यात, आधी मगनवाडीत होता. ३० एप्रिल १९३६ रोजी ते सेगावला गेले आणि १९४० मध्ये त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. त्यांच्या नावावर आमचा जिल्हा अर्धशतकापासून दारूबंदीत आहे. शाळेच्या सहली बापूकुटी पाहतात, मातीच्या भिंतीवरची चित्रे पाहतात, घड्याळ पाहतात. पण फोनवर गांधीजींच्या तोंडी घातलेले वाक्य आले की त्याच गावातला माणूस दोनांपैकी एक गोष्ट करतो. संतापून पुढे पाठवतो किंवा संतापून खोटे ठरवतो. उघडून पाहत नाही. ज्या जिल्ह्यात या माणसाने उतारवयातली दहा-बारा वर्षे मुक्काम ठेवला तिथे तरी ते उघडून पाहणे आपले काम आहे, असे मला मनापासून वाटते.

साधने हाताशी आहेत. इंग्रजीतले ‘कलेक्टेड वर्क्स’ शंभर खंडांचे, १९५८ पासून १९९४ पर्यंत छापले गेलेले. हिंदीत ते ‘संपूर्ण गांधी वाङ्मय’, गुजरातीत ‘गांधीजीनो अक्षरदेह’. इंग्रजीच्या कामाला के. स्वामीनाथन यांनी पंचवीस वर्षे दिली. प्रत्येक नोंदीखाली ती कुठून घेतली, मूळ कोणत्या भाषेत, हस्तलिखित की छापील, हे लिहिलेले असते. २००९ च्या सुरुवातीपासून हे लेखन स्वामित्वहक्कातून मोकळे झाले आहे आणि साबरमतीच्या गांधी हेरिटेज पोर्टलवर ते फुकट वाचता येते. म्हणजे आर्वीत किंवा हिंगणघाटात बसून ज्या फोनवर खोटे वाक्य येते त्याच फोनवर खरे पानही उघडता येते.

एक खबरदारी मात्र हवी. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच खंडांची एक सीडी काढली गेली आणि तिच्यावरून ‘सुधारित’ आवृत्तीही छापली गेली. तिच्यात खंडांची रचना बदलली, अनेक नोंदी गळाल्या, प्रस्तावना काढून टाकल्या गेल्या. त्रिदीप सुहृद आणि इतर अभ्यासकांनी आवाज उठवला, २००५ मध्ये सरकारने ती आवृत्ती मागे घेतली आणि दीना पटेल यांनी पुढची कित्येक वर्षे मूळ मजकूर पुन्हा जुळवण्यात घालवली. पण मागे घेतलेल्या आवृत्तीच्या फाइली अजून फिरतात. एखाद्याने दिलेला खंड आणि पान जुळले नाही म्हणून लगेच त्याला खोटारडा म्हणू नये. तो दुसऱ्याच आवृत्तीतून बोलत असेल. तारीख विचारावी. पान बदलते, तारीख बदलत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. समलिंगी संबंधांविषयी गांधीजी खरोखर काय म्हणाले होते? हा प्रश्न गांधीभक्तांना नको असतो, कारण उत्तर आजच्या माणसाला टोचते.

१९२९ साली ‘यंग इंडिया’त त्यांनी शाळांमधल्या ‘अनैसर्गिक’ दुराचाराविषयी लिहिले. बिहारच्या शिक्षणखात्याने नेमलेल्या समितीचा त्यात हवाला आहे. हा प्रकार शिक्षकांमध्येही असून ते आपल्या अधिकाराचा गैरवापर मुलांवर करतात, असे समितीला आढळले होते. या लेखातले एखादे वाक्य तोडून ‘गांधी समलिंगींना विकृत म्हणाले’ अशी पाटी तयार करता येते. शब्द त्यांचेच असतील, पण मास्तरांनी हाताखालच्या पोरांवर केलेला अत्याचार हा विषय पाटीतून गेलेला असेल. उलट बाजूने, ते फक्त बाललैंगिक अत्याचाराविषयीच बोलत होते, असे म्हणून गांधीजींना सोडवणेही खरे नाही. दोन प्रौढ माणसांचे प्रेम आणि मास्तराने मुलावर केलेली जबरदस्ती यांत फरक करणारी भाषा त्यांच्याकडे नव्हती. त्यांच्या लेखी सगळी कामवासनाच जिंकायची होती, आणि ही वासना तर निसर्गाच्याही बाहेरची. मला हे पटत नाही. ते त्यांनी लिहिले आहे आणि ते तसेच सांगितले पाहिजे.

याच काळातली दुसरी गोष्ट पडताळणीच्या दृष्टीने जास्त बोलकी आहे. पांडेय बेचन शर्मा ‘उग्र’ हे हिंदीतले खळबळजनक लेखक. पुरुषांनी मुलांवर, तरुणांवर जडवलेल्या आसक्तीच्या कथा त्यांनी कलकत्त्याच्या ‘मतवाला’ साप्ताहिकात लिहिल्या आणि १९२७ मध्ये त्यांचे ‘चॉकलेट’ हे पुस्तक निघाले. उग्र म्हणत, मी हे पाप उघडे पाडतो आहे. बनारसीदास चतुर्वेदी म्हणत, उघडे पाडण्याच्या नावाखाली चटक लावतो आहे. ‘विशाल भारत’मधून त्यांनी या प्रकारच्या लेखनाविरुद्ध मोहीम उघडली आणि त्याला ‘घासलेटी साहित्य’ असे नाव दिले. त्यांनी पुस्तकाची तक्रार गांधीजींकडे नेली. गांधीजींनी पुस्तक वाचले आणि चतुर्वेदींना कळवले की लेखकाचा हेतू शुद्ध आहे, अमानुष वर्तनाविषयी त्याने किळसच उत्पन्न केली आहे.

हे पत्र चतुर्वेदींनी दडवून ठेवले. वाद चालू होता तेव्हा हिंदी जगाला वाटत राहिले की महात्माजी या मोहिमेच्या पाठीशी आहेत. पत्र उजेडात आले १९५१ मध्ये. तोवर गांधीजींना जाऊन तीन वर्षे झाली होती आणि उग्रांच्या नावावरचा डाग जुना झाला होता.

बनावट वाक्य तयार न करताही माणसाच्या तोंडी मत घालता येते, ते असे. खरे पत्र खिशात ठेवायचे आणि गप्प बसायचे. चतुर्वेदी हे साधे गृहस्थ नव्हते. मोठे संपादक, परदेशातल्या हिंदी मजुरांसाठी झटलेले, पुढे राज्यसभेत गेलेले. चांगल्या कामासाठी एवढे चालते, असे त्यांना वाटले असावे. आणि पत्र बाहेर आल्यावरही त्याचा अर्थ नीट लावायला हवा. आज कोणी ‘गांधींनी समलैंगिक साहित्याची पाठराखण केली’ असे त्यावरून म्हणाला तर ते चूक आहे. गांधीजींना पुस्तक चालले ते किळस उत्पन्न करते म्हणून. उग्रांवर अन्याय झाला हे खरे, आणि उग्र व गांधीजी दोघेही ज्या नात्याकडे किळसेने पाहत होते त्या नात्यातली माणसे या सगळ्या वादात कुठेच बोलत नाहीत, हेही खरे.

प्रेमाने चिकटवलेल्या वाक्यांचीही तीच गत. आधी ते तुमच्याकडे दुर्लक्ष करतात, मग हसतात, मग लढतात आणि मग तुम्ही जिंकता, हे वाक्य गांधीजींच्या नावाने समलिंगी हक्कांच्या मोर्चांतही फलकांवर येते. गांधीजींचे ते नाही. त्याच्या अगदी जवळचे बोल १९१८ मध्ये निकोलस क्लाइन या अमेरिकी कामगार नेत्याने कपडे शिवणाऱ्या कामगारांपुढे काढले होते. नागपूरच्या अभिमान मिरवणुकीत चालणाऱ्या तरुणाच्या हातातला फलक मला प्रिय आहे, त्याची मागणी माझीही आहे. म्हणूनच त्या फलकावर चुकीचे नाव असू नये असे वाटते. समोरचा फक्त नाव तपासतो आणि मागणी सोडून देतो.

आणखी एक कथा इंग्रजी लेखनातून मराठीत येऊ लागली आहे. मंदिरांवरची कामशिल्पे, त्यांत समलिंगी शिल्पेही, फोडण्यासाठी गांधीजींनी अनुयायांच्या तुकड्या पाठवल्या आणि टागोरांनी त्या थांबवल्या, अशी ती कथा. तिचा उगम आलँ दानिएलू या फ्रेंच संगीतज्ञाच्या लेखनात आहे. ते बनारसला बरीच वर्षे राहिले, भारतीय कलेवर त्यांचे प्रेम होते, ते स्वतः समलिंगी होते आणि गांधी-नेहरूंच्या सोवळेपणावर त्यांचा राग होता. राग समजण्यासारखा आहे. पण कथा ज्या रूपात फिरते तिच्यात तारीख नाही, गाव नाही, फुटलेली मूर्ती नाही. ज्या माणसाचा दिवस सकाळच्या प्रार्थनेपासून रात्रीपर्यंत नोंदला जात होता, त्याने अशा तुकड्या धाडल्या म्हणणाऱ्याने निदान एक दिवस आणि एक देऊळ सांगायला हवे.

नोंदी किती काटेकोर होत्या हे पाहायचे तर १९३५ च्या डिसेंबरमधली वर्ध्याची भेट घ्यावी. संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर गांधीजींना भेटायला अमेरिकेहून आल्या होत्या. स्त्रीपुरुषसंबंध, संयम, साधने यांवर दोघांचे लांब बोलणे झाले आणि जमले नाही. महादेव देसाईंनी त्या भेटीचा वृत्तांत जानेवारी १९३६ च्या ‘हरिजन’मध्ये दिला, सँगर यांच्या बाजूची नोंद त्याच वर्षी ‘एशिया’ या अमेरिकी मासिकात आली. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की कुठे कोणाचा भर वाढला आहे ते दिसते. कोणी खोटे बोललेले नाही, पण प्रत्येकाने आपापल्या बाजूने ऐकलेले आहे. या जिल्ह्यातल्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी हे दोन वृत्तांत वाचायला द्यावेत, असे मला फार वाटते. मगनवाडी त्यांच्या वर्गापासून सायकलच्या अंतरावर आहे.

कॅलनबाखही याच जिल्ह्यात येऊन गेले. १९१४ मध्ये ते गांधीजींबरोबर जहाजाने लंडनला निघाले होते, पण महायुद्ध पेटले, जर्मन नागरिक म्हणून त्यांना भारतात येऊ दिले नाही आणि इंग्रजांनी स्थानबद्ध केले. दोघांची पुन्हा भेट झाली तेवीस वर्षांनी, १९३७ च्या मेमध्ये, वलसाडजवळच्या तिथलला. तिथून ते सेगावला आले. १९३९ च्या सुरुवातीला पुन्हा आले, राहिले, तापाने आजारीही पडले. त्या फेब्रुवारीत ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिले की माझा एक ज्यू मित्र माझ्याजवळ राहतो आहे, अहिंसा त्याला बुद्धीने पटते, पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही, आणि त्याच्या या रागाबद्दल मी त्याच्याशी भांडत नाही. युरोपात ज्यूंची घरे जळत होती आणि सेगावच्या कुडाच्या घरात दोन म्हातारे मित्र त्यावर बोलत होते. या मैत्रीतली ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. २०११ च्या गदारोळात ती कुठे आली नाही.

आधीच्या वर्षांतला २९ जुलै १९११ चा कागद मात्र पुष्कळ ठिकाणी आला. कॅलनबाख युरोपला घरच्यांना भेटायला निघाले तेव्हा दोघांनी एक लेखी करार केला. ‘अपर हाउस’ म्हणजे गांधीजी, ‘लोअर हाउस’ म्हणजे कॅलनबाख. लोअर हाउसने तिसऱ्या वर्गाने प्रवास करायचा, गरीब शेतकऱ्याच्या गरजेपलीकडे पैसा खर्चायचा नाही, लग्न ठरवायचे नाही, कोणा स्त्रीकडे वासनेने पाहायचे नाही. आणि मोबदला काय, तर दोन्ही सभागृहांमध्ये जगाने पाहिले नसेल इतके प्रेम. शेवटची अट आणि मोबदला तेवढा उचलला की करार एक दिसतो. खर्चाची नि प्रवासाची कलमे ठेवली की पैसे उधळणाऱ्या मित्राला वठणीवर आणणारा, नकाराधिकार हातात ठेवणारा गांधी दिसतो. टॉलस्टॉय फार्मची अकराशे एकर जमीन याच कॅलनबाखांनी १९१० मध्ये सत्याग्रहींना वापरायला दिली होती. प्रेम दोन्ही वाचनांत उरतेच. ते शारीरिक होते का, याला ही कागदपत्रे हो म्हणत नाहीत. कॅलनबाखांनी गांधीजींना लिहिलेली त्या काळातली पत्रे गांधीजींनी मित्राच्या इच्छेनुसार नष्ट केली. संभाषणाचा अर्धा भाग त्यामुळे कायमचा गेला. जो कोणी या नात्याविषयी खात्रीने बोलतो, या बाजूने वा त्या बाजूने, तो त्या गेलेल्या अर्ध्या भागाच्या जागी आपलेच बोलणे भरतो.

२०१२ मध्ये भारत सरकारने कॅलनबाखांच्या संग्रहातली कागदपत्रे, सॉदबीच्या लिलावाआधीच, सुमारे सात लाख पौंडांना विकत घेतली. एक वर्ष आधी ज्या नात्यावर बोलण्यालाच बंदी हवी होती त्याच्या कागदांसाठी सरकारी तिजोरीतून हे पैसे गेले, आणि ते योग्यच झाले.

बंदीच्या त्या दिवसांत सभागृहांतून आणि वाहिन्यांवरून ‘बदनामी’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले होते, म्हणजे ज्याला बदनामी म्हटले जात होते तो कायद्याने तेव्हा गुन्हाही राहिलेला नव्हता. पुढे डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा फिरवला. पण या संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ येवो वा जावो, पुलगावच्या किंवा समुद्रपूरच्या एखाद्या मुलाने त्या दिवसांत टीव्ही पाहिला असेल तर त्याला काय ऐकू आले? राष्ट्रपित्याला तुझ्यासारखा म्हणणे हा एवढा मोठा अपमान आहे, की त्यासाठी अख्खी विधानसभा एक होते. गांधीजींना ‘त्या आरोपातून’ सोडवण्यासाठी कुरुपांचा शब्द शोधणारे अनेक आहेत. त्या हेतूने मी तो सांगत नाही. समलिंगी असणे हा आरोपच नाही. म्हणून त्यातून सोडवण्याचा प्रश्न येत नाही. जे लिहिले होते ते पूर्ण वाचले जावे, एवढ्यासाठी तो सांगायचा.

सेवाग्रामच्या आश्रमात आलेल्या माणसाला बापूंचा कमोड दिसतो, मालिशचे टेबल दिसते, त्यांना दिलेला टेलिफोन दिसतो. तिथे कॅलनबाखांविषयी एक मोठा तक्ता हवा. त्यावर १९०९ चे पत्र अथपासून इतिपर्यंत, मूळ इंग्रजीत आणि मराठीत. १९११ चा करार सगळ्या कलमांसह. १९३९ चे ‘हरिजन’मधले टिपण. आणि शेजारी दुसऱ्या तक्त्यावर १९२९ चा ‘यंग इंडिया’तला लेख, बिहारच्या समितीच्या उल्लेखासह, त्यातला आजच्या वाचकाला दुखावणारा एकही शब्द न गाळता. असे करायला परवानगी, जागा आणि थोडा खर्च लागेल. आश्रमाचे विश्वस्त, हिंदी विश्वविद्यालयाचा अनुवाद विभाग आणि जिल्ह्यातले शिक्षक मिळून ते करू शकतात, आणि येत्या २ ऑक्टोबरच्या आत करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.